परक्या भाषेतला, तोकड्या पैशांचा थरारपट इतका धरून का ठेवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाषा कळत नाही, नट ओळखीचे नाहीत, पडद्यावर पैसा कुठे दिसत नाही. तरीही एखादा छोटा परदेशी मारधाडपट रात्री लावला की संपेपर्यंत उठवत नाही, आणि त्याच आठवड्यात पाहिलेला प्रचंड खर्चाचा चित्रपट मात्र अर्ध्यात बंद करावासा वाटतो. ह्यात नवलाईची भूल किती आणि खरं कसब किती? आणि असे चित्रपट डब केलेले पाहावेत की सबटायटल लावून?

दोन्ही आहे, पण कसब जास्त आहे. मी बावीस वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली. त्यातला मोठा काळ मारामाऱ्या, पाठलाग आणि गोळीबार कापण्यात गेला. ज्यांच्याकडे पाच-पाच कॅमेरे लावून शूट करायची ऐपत होती त्यांची कामं केली, आणि ज्यांना एका कॅमेऱ्याचं भाडं जड जात होतं त्यांचीही केली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पडद्यामागची टंचाई जेव्हा पडद्यावर उतरते, तेव्हा थरार आपोआप खरा होतो.

थरारपट म्हणजे मुळात टंचाईचीच गोष्ट. वेळ कमी आहे, गोळ्या कमी आहेत, बाहेर पडायची वाट एकच आहे, जखमी माणसाच्या अंगात रक्त थोडंच उरलंय. पैसा मुबलक असला की ही टंचाई मुद्दाम उभी करावी लागते. नायकाकडे तीनच गोळ्या उरल्यात असं संवादात सांगायचं आणि पुढची दहा मिनिटं रस्ताभर गाड्या उडवायच्या, ह्याने प्रेक्षकाच्या पोटात गोळा येत नाही. इथे कशालाच तोटा नाही हे त्याला दिसत असतं. छोट्या चित्रपटात दिग्दर्शकाकडेही गोळ्या तीनच असतात. मग प्रत्येक गोळीच्या आधी तयारी येते, झाडताना हात थरथरतो, आणि ती वाया गेली तर आपल्यालाच चुटपूट लागते. सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपण म्हणतो. चांगले छोटे चित्रपट त्या सोंगाच्या वाटेलाच जात नाहीत.

ह्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' (१९९२). भाषा स्पॅनिश. जागा मेक्सिकोतलं, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेलं सिउदाद आकुन्या. १६ मिलिमीटरची फिल्म, दोन आठवड्यांचं शूटिंग आणि खर्च सुमारे ७ हजार डॉलर. हे पैसे उभे करण्यासाठी दिग्दर्शक स्वतः एका औषधाच्या चाचणीत दाखल झाला होता. मेक्सिकोच्या व्हिडिओ बाजारात चित्रपट विकायचा आणि त्यातून पुढचा करायचा, एवढाच बेत होता. पण हॉलिवूडच्या कोलंबिया पिक्चर्सने तो घेतला आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षक-पारितोषिक मिळालं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती हल्ली गाळली जाते. चित्रपटगृहात लागलेल्या प्रतीवर स्टुडिओने नंतर ह्याच्या कितीतरी पट खर्च केला, ३५ मिलिमीटरवर नेण्यासाठी आणि ध्वनीसाठी. ७ हजारांत शूटिंग आणि मूळ चित्रपट झाला. तेही थोडं नाही.

कथा तीच, चुकीची ओळख. काळ्या कपड्यांतला एक गायक गिटारची पेटी घेऊन गावात येतो. त्याच वेळी काळ्या कपड्यांतलाच एक गुन्हेगार गिटारच्या पेटीत हत्यारं भरून तिथे हिंडत असतो. ही कल्पना कागदावर सुचलेली नाही. हाताशी काय काय आहे ह्याची आधी यादी झाली आणि त्या वस्तूंभोवती कथा विणली गेली. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात ते हेच, आणि सिनेमात ते फार कमी लोकांना जमतं. बहुतेक जण आधी पाय पसरतात आणि मग अंथरूण ओढत बसतात.

त्यातला गोळीबार कसा केलाय ते माझ्या धंद्याच्या नजरेने सांगतो. बंदुका बऱ्याचशा खऱ्या होत्या, तिथल्या पोलिसांकडून उसन्या आणलेल्या. त्यात खोटी काडतुसं घातली की बंदूक एक बार काढून अडकायची, दुसरा बार निघायचाच नाही. मशीनगन एकदाच 'धाड' करून गप्प बसली तर कोणाचा थरकाप उडणार? मग रॉड्रिगेझने तोच एक बार वेगवेगळ्या कोनांतून टिपला, ते तुकडे एकामागोमाग जोडले, त्यावर मशीनगनचा तयार आवाज चढवला आणि रिकामी काडतुसं जमिनीवर टाकायला लावली. बघणाऱ्याला सलग गोळीबार दिसतो. प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर सलग गोळीबार झालेलाच नाही.

हे वाचून 'काय हुशारी' असं म्हणून पुढे जाऊ नका, कारण खरी गंमत पुढे आहे. दर बाराला कोन बदलत असल्यामुळे त्या दृश्याला एक तुटक, धडधडती लय आली. एका कॅमेऱ्यासमोर बंदूक वीस सेकंद सुरळीत चालली असती तर ती लय कधीच मिळाली नसती. संवादांचंही तसंच. कॅमेरा आवाज करणारा, त्यामुळे शॉट झाल्यावर नट आपली वाक्यं टेपरेकॉर्डरसमोर पुन्हा म्हणायचे आणि ती नंतर ओठांशी जुळवली जायची. थोड्या वेळाने ओठ आणि शब्द एकमेकांना सोडायला लागले की संकलकापुढे एकच मार्ग उरतो, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट करायचा, नाहीतर बाजूला बसलेल्या कुत्र्यावर. चित्रपट चटपटीत वाटतो, कोणीच फार वेळ बोलत बसत नाही, त्यामागे ही अडचण आहे. कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीऐवजी चाकांची खुर्ची होती. त्यावर बसून कॅमेरा धावतो तेव्हा तो किंचित डगमगतो, आणि पळणाऱ्या माणसाच्या मागे धावताना आपलंही असंच होईल असं शरीराला पटतं.

तीन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने त्याच गायकाची पुढची गोष्ट केली, 'डेस्पेराडो' (१९९५). नायक अँतोनिओ बांदेरास, भाषा इंग्रजी, खर्च सुमारे ७० लाख डॉलर, म्हणजे हजार पट. मला तो चित्रपट आवडतो. त्यात डौल आहे, नाच आहे, गोळ्यांचा पाऊस आहे. पण पहिल्या चित्रपटातला गायक बाथटबमध्ये बसून, चाकूच्या धाकात गिटार वाजवून आपण खरंच गायक आहोत हे सिद्ध करतो तेव्हा जो घाम फुटतो, तो तिथे फुटत नाही. बांदेरास मरणार नाही हे आपल्याला तिकिटासोबतच कळलेलं असतं.

ह्यावर थोडं थांबतो, कारण अनोळखी चेहरा हे परभाषेतल्या चित्रपटाचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. प्रसिद्ध नट पडद्यावर आला की त्याच्या मागून त्याच्या आधीच्या पन्नास भूमिका येतात, जाहिराती येतात, आणि त्याचं मानधन येतं. एवढं मानधन घेणारा माणूस विसाव्या मिनिटाला जिन्यावरून पडून मरत नसतो, हे हिशेबाने कळतं. कोपऱ्यातल्या टेबलावर गप्प बसलेला माणूस ओळखीचा नट असेल तर शेवटी तोच खलनायक निघणार हेही कळतं. परक्या देशाच्या छोट्या चित्रपटात हे सगळे आडाखे कोसळतात. कोण नायक, कोण आणखी दहा मिनिटं जगणार, कोणावर विश्वास ठेवायचा, हे आपल्याला पात्रांइतकंच अंधारात चाचपडून शोधावं लागतं.

ह्याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला म्हणावा असा पुरावा आहे. गेला बाब्लुआनी ह्या जॉर्जियन-फ्रेंच दिग्दर्शकाने २००५ मध्ये '१३ त्झामेती' केला. कृष्णधवल, मुख्य भूमिकेत स्वतःचा भाऊ, बाकीचे चेहरेही जगाला अपरिचित. ('त्झामेती' म्हणजे जॉर्जियन भाषेत तेराच, त्यामुळे नावात तोच आकडा दोनदा आहे.) छपराची कामं करणारा एक गरीब तरुण दुसऱ्यासाठी आलेलं पाकीट उचलतो, त्यातल्या सूचनांमागे जात राहतो आणि एका आडबाजूच्या घरात पोचतो. तिथे माणसं गोल उभी केली जातात. प्रत्येकाच्या हातात रिव्हॉल्व्हर, प्रत्येकाची नळी पुढच्याच्या डोक्याला. सगळ्यांनी वर टांगलेल्या बल्बकडे बघायचं. बल्ब पेटला की चाप ओढायचा. भोवती पैजा लावणारे उभे.

आता ते दृश्य कसं घडलंय पाहा. एक खोली, काही माणसं आणि एक दिवा. महागडं काहीच नाही. कॅमेरा बल्बची तार दाखवतो, मग घामेजलेले चेहरे, मग पुन्हा बल्ब. बल्ब पेटत नाही. संकलक म्हणून मला तिथे दिग्दर्शकाच्या हिमतीचा हेवा वाटतो, कारण असा न पेटणारा बल्ब धरून ठेवायला मोठ्या चित्रपटात कोणी देत नाही. 'इथे रेंगाळतंय, कापा,' असा निरोप येतो. आणि तो पोरगा मरेल की जगेल ह्याचा काडीचाही अंदाज आपल्याला नसतो, कारण तो कोण हेच आपल्याला माहीत नाही.

पाच वर्षांनी ह्याच दिग्दर्शकाने हीच गोष्ट इंग्रजीत केली. रंगीत, जेसन स्टेथम आणि मिकी रूर्क ह्यांच्यासारखी मंडळी घेऊन. गोष्ट तीच, खोली तशीच, बल्बही तोच म्हणा ना. पण खोलीत स्टेथम उभा असला की डोळा आधी त्याच्याकडे जातो आणि मेंदू हिशेब सुरू करतो. दोन्ही एका पाठोपाठ एक पाहिले तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

दुसरी गोष्ट जागेची. पैसे कमी असले की लोकेशन बदलता येत नाही. माणसं हलवायची, दिवे हलवायचे, परवानग्या काढायच्या, ह्यातच दिवस जातो आणि दिवस म्हणजे पैसे. म्हणून असे चित्रपट एका इमारतीत, एका रात्रीत, एका रस्त्यावर घडतात. इंडोनेशियातला 'द रेड' (२०११) घ्या. त्याचा दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स मूळ वेल्सचा. पेंचाक सिलात ह्या युद्धकलेवर माहितीपट करायला तो तिकडे गेला आणि तिथे त्याला इको उवाइस हा तरुण सापडला. दोघांनी मिळून आधी एक चित्रपट केला, नंतर तुरुंग आणि टोळ्यांची एक मोठी कथा लिहिली, पण तिला पैसे उभे राहिले नाहीत. तेव्हा लहान कथा निवडली: जकार्तातली एक बहुमजली इमारत, वरच्या मजल्यावर गुंडांचा म्होरक्या, खालून शिरलेलं पोलिसांचं पथक. खर्च सुमारे ११ लाख डॉलर. ती अडलेली मोठी कथा पुढे २०१४ मध्ये दुसरा भाग म्हणून झाली. तीही चांगली आहे, पण मी पुन्हा पुन्हा बघतो तो पहिलाच.

एकाच इमारतीत राहिल्यामुळे नकाशा डोक्यात पक्का बसतो. जिना कुठे, लिफ्ट कुठे, खाली जायचं तर किती मजले, हे पंधरा मिनिटांत तोंडपाठ होतं. त्यानंतर दिग्दर्शकाला काही समजावून सांगावं लागत नाही. दरवाजाची कडी वाजली तरी पुरतं. मारामारीच्या दृश्यात प्रेक्षक हरवला की त्याची भीती संपते, हे मी नव्या संकलकांना कायम सांगतो. कोण कुठे उभा आहे आणि दार कोणत्या बाजूला आहे हे कळत नसेल तर पडद्यावर फक्त हालचाल उरते.

'द रेड'मधल्या हाणामाऱ्यांची कीर्ती सगळीकडे आहे, पण मला त्यातलं एक जवळजवळ निःशब्द दृश्य सगळ्यात जास्त आवडतं. नायक एका जखमी सहकाऱ्याला घेऊन भिंतीमागच्या अरुंद पोकळीत लपलाय. पलीकडे गुंड कोयता घेऊन भिंत भोसकत चाललाय, कुठे पोकळी लागते का ते बघत. पातं भिंतीतून आत येतं आणि नायकाच्या गालाला कापून थांबतं. तो ओरडू शकत नाही, हलूही शकत नाही. आणि आता पातं बाहेर ओढलं जाणार, त्यावर रक्त दिसलं की खेळ खलास. तो ते पातं अलगद धरतो आणि बाहेर सरकता सरकता पुसून घेतो. पातं कोरडं बाहेर जातं. ह्या दृश्यात एक भिंत, एक पातं आणि एक चेहरा आहे. त्यात आणखी काही घालायला पैसे असते तर ते बिघडलंच असतं.

आता शरीराबद्दल. मोठ्या चित्रपटांतली मारामारी पुष्कळदा कापून कापून केलेली असते, त्याचं कारण संकलकाची आवड नसते. नटाला लढता येत नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस आहे, आणि त्याचा चेहरा लपवायचाय. शिवाय नटाला दुखापत होऊन शूटिंग थांबणं परवडणारं नसतं. मग अर्ध्या सेकंदाला एक कट आणि कॅमेऱ्याची हलवाहलव. छोट्या चित्रपटाला प्रसिद्ध नट परवडत नाही, म्हणून तो लढणाराच माणूस नट म्हणून घेतो. थायलंडच्या 'ओंग-बाक'ने (२००३) हेच केलं. टोनी जा उड्या मारतो त्या अंगाला बांधून उचलणाऱ्या तारेच्या किंवा संगणकाच्या मदतीशिवाय, आणि एखादी उडी जमली की चित्रपट तीच उडी दुसऱ्या, तिसऱ्या कोनातून पुन्हा दाखवतो. शास्त्र म्हणून ही पुनरावृत्ती चूक आहे, कारण काळ मागे जातो. पण ते दाखवणं म्हणजे 'बघा, हे खरंच केलंय' असं छातीठोक सांगणं आहे, आणि प्रेक्षक त्याला दाद देतो.

आमच्या कामातली एक बारीक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला ती दिसेल. सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक ठोसा दोन कोनांतून जोडताना पहिल्या शॉटमध्ये हात जिथपर्यंत पोचला तिथूनच दुसरा शॉट सुरू केला तर हिशेब बरोबर होतो, पण ठोसा हलका लागतो. डोळ्याला नवं चित्र पकडायला क्षणभर लागतो आणि नेमका आघात त्या क्षणात निसटतो. म्हणून दुसरा शॉट दोन-तीन फ्रेम आधीपासून घेतात. हात तेवढं अंतर पुन्हा कापतो. कोणाला ते दिसत नाही, पण ठोसा जड होतो. ह्याला पैसे लागत नाहीत, फक्त मान मोडेपर्यंत बसावं लागतं.

आणि एक प्रसंग माझ्याच टेबलावरचा. नवख्या पोरांचा एक चित्रपट माझ्याकडे आला होता. जिन्यावरची झटापट, कॅमेरा एक, वेळ एका दुपारचा, हाती आलेले शॉट अकरा. मी सवयीने ते दृश्य वेगवान कापलं, कुठलाही शॉट बारा-पंधरा फ्रेमच्या वर ठेवला नाही. बघितलं तर नुसता गोंधळ, काहीच लागत नव्हतं. दोन दिवस मी तेच उलटसुलट करत होतो. मग रशेसमध्ये, म्हणजे शूटिंगच्या न कापलेल्या चित्रणात, वाया गेलेला एक टेक सापडला. नटाचा हात कठड्यावरून घसरला होता, तो कसाबसा सावरला होता आणि धाप लागून तसाच उभा राहिला होता. समोरचा मारायला आलेलाही थांबला होता, कारण त्यालाही दम लागला होता. दिग्दर्शकाने त्यावर 'चुकला' अशी खूण केली होती. मी तो तुकडा दृश्याच्या मधोमध घातला, जवळपास तीन सेकंद, संगीत काढून टाकलं आणि फक्त दोघांचे श्वास ठेवले. दृश्य उभं राहिलं. दोघेही थकलेत, तरीही पुन्हा भिडणार आहेत, हे कळल्यावर पुढचे साधे ठोसेही लागायला लागले. पुढे निर्मात्याने त्या श्वासांवर ढोल चढवले. अजूनही त्याचं वाईट वाटतं.

भाषेबद्दल खरं बोलायचं तर तिथे थोडी भूल आहे, तुमची शंका रास्त आहे. आपली नसलेली भाषा कच्चा अभिनय झाकते. वाक्याची फेक खोटी आहे, हेल चुकलाय, अशा पद्धतीने तिथे कोणीच बोलत नाही, हे त्या भाषेच्या माणसाला लगेच खटकतं, आपल्याला कळत नाही. हौशी नटांना ह्याचा फायदा मिळतो आणि आपण त्यांना आहेत त्यापेक्षा बरे समजतो. पण ह्याची दुसरी बाजूही आहे. शब्दांचा अर्थ कळत नसला की कान आवाजाचा पोत ऐकायला लागतो. कोण घाबरून भरभर बोलतोय, कोण मुद्दाम सावकाश, कोणाचा आवाज वाक्याच्या शेवटी बसतोय. धमकी समजायला शब्दकोश लागत नाही. थरारपटात पात्रं जे बोलतात त्यापेक्षा लपवतात जास्त, त्यामुळे हे ऐकणं फार कामाचं असतं.

ध्वनीबद्दल बोलतोच आहे तर डेन्मार्कचा 'द गिल्टी' (२०१८) सोडता येणार नाही. गुस्ताव म्योलरचा चित्रपट, १३ दिवसांत शूट झालेला. आपत्कालीन मदतीच्या कक्षात एक पोलीस कानाला हेडफोन लावून बसलाय, आणि चित्रपटभर कॅमेरा त्या कक्षाबाहेर जात नाही. अपहरण, पाठलाग, हिंसा, सगळं फोनच्या पलीकडे. गाडीचा आवाज, पाऊस, काचेवरचे वायपर, मुलाचं रडणं. हाणामारी एक नाही, तरी मी त्याला ह्याच घराण्यातला मानतो. दाखवायला पैसे नाहीत म्हटल्यावर दाखवायचं ते प्रेक्षकाच्या डोक्यात दाखवलं, आणि तिथे प्रत्येकाने आपापल्या भीतीप्रमाणे गाडीचा रंगसुद्धा ठरवलेला असतो.

ह्यावरून छोट्या खर्चाचं सगळंच चांगलं असतं असा अर्थ काढू नका. बहुतेक वाईटच असतं. महोत्सवांच्या निवडीसाठी मी असे खोक्यांनी चित्रपट पाहिलेत, आणि पडणारे जवळपास सगळे एकाच खड्ड्यात पडतात: मोठ्या चित्रपटाचा आव आणतात. संगणकावर काढलेली स्वस्तातली आग, आकाशात चिकटवलेलं हेलिकॉप्टर, रिकाम्या गोदामात दहा मिनिटं भाषण ठोकणारा खलनायक. प्रेक्षकाला गरिबी चालते, सोंग चालत नाही. दुसरा दोष म्हणजे लांबी. असा चित्रपट ऐंशी-नव्वद मिनिटांत संपला पाहिजे. बर्लिनमध्ये घडणारा 'लोला रेन्ट' (१९९८) १ लाख मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) आणि २० मिनिटं एवढ्या हिशेबावर चालतो, तीनदा तोच हिशेब मांडतो आणि सव्वा-दीड तासात आटोपतो. अपवाद आहेत. बर्लिनचाच 'व्हिक्टोरिया' (२०१५) १३८ मिनिटांचा आहे आणि तो एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय, बारा पानांची संहिता हातात ठेवून. तीन वेळा प्रयत्न केला, तिसरा चित्रपट म्हणून आला. माझ्यासारख्या माणसाला त्यात कामच उरलं नाही, तरीही पहाटेच्या त्या शहरात मी श्वास रोखून बसलो होतो.

राहिला डब की सबटायटल हा प्रश्न. सबटायटल, आणि ह्यामागे शिष्टपणा नाही, तांत्रिक कारण आहे. डबिंगसाठी संवाद काढून उरलेला ध्वनी वेगळा लागतो: पार्श्वसंगीत, पावलं, दारं, कपड्यांची सळसळ. मोठे चित्रपट हा ट्रॅक पूर्ण तयार करून देतात. छोट्या चित्रपटांकडे तो पुष्कळदा अपुरा असतो, कारण पावलं आणि श्वास संवादाच्याच माइकवर आलेले असतात. संवाद काढले की तेही जातात. मग डबिंग करणारे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या बुटांनी नवी पावलं भरतात आणि ध्वनिबंद कक्षातला कोणीतरी खुर्चीवर बसून धापा टाकतो. डब केलेला चित्रपट पोकळ वाटतो तो ह्यामुळे. आणि आतापर्यंत मी ज्या श्वासांबद्दल बोललो, तेच पहिले मरतात.

सबटायटल वाचताना चित्र निसटतं ही तक्रार योग्य आहे. नियम म्हणून एका वेळी दोनच ओळी असतात, ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि एक सबटायटल फार तर सात सेकंद टिकतं. चांगला करणारा वाक्य छाटून, कटच्या आधी संपवून देतो, म्हणजे नवा शॉट आला की डोळा मोकळा असतो. वाईट सबटायटल कटवरून पुढे लोंबतं, आणि डोळा नवीन ओळ आली असं समजून तेच पुन्हा वाचायला जातो. ह्या प्रकारच्या चित्रपटात मात्र बोलणंच कमी असतं, त्यामुळे हा त्रास संथ कौटुंबिक चित्रपटापेक्षा इथे फारच थोडा होतो.

सुरुवात कुठून करायची असेल तर 'द गिल्टी' हेडफोन लावून, अंधारात, मूळ डॅनिशमध्ये पाहा. मग 'एल मारियाची'. आणि 'द रेड'मधलं ते भिंतीतल्या पात्याचं दृश्य दोनदा बघा, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी नायकाच्या चेहऱ्याकडे बघू नका. फक्त त्याच्या हाताकडे बघा, तो पात्याच्या किती मागे आहे आणि कधी त्याला गाठतो.